पाचवा दगड काढायचा नाही

मित्रांनो, जरा जपून या, पुढे दगड आहेत. मी एक जुनी सायकलवाट आहे. डोंगराच्या माथ्यावरून निघते, झाडीतून उतरते आणि पाण्याच्या टाकीपाशी संपते. मी खडबडीत आहे, वाकडी आहे आणि तोंडाने फटकळ आहे. ज्यांना सरळ, सपाट वाट हवी त्यांच्यासाठी शेजारच्या उतारावर माझी धाकटी बहीण आहे. ती रुंद, गुळगुळीत आणि गुणाची आहे. लहान मुले, आजी-आजोबा तिच्यावरून मजेत जातात आणि मला त्याचे खरोखर बरे वाटते. पण म्हणून मीही तिच्यासारखेच व्हायचे? का म्हणून?

मला घडवले एका गवंड्याने. आठवडाभर तो लोकांच्या भिंती ओळंब्यात बांधायचा आणि सुट्टीच्या दिवशी पहार आणि घमेले घेऊन डोंगरावर यायचा. "भिंत सरळ पाहिजे, वाट कशाला?" असे म्हणायचा. सगळे त्याला मामा म्हणतात. दगड बसवला की मामा त्याच्यावर उभा राहून चार उड्या मारायचा. डगमगला तर शिव्या घालत काढायचा आणि पुन्हा बसवायचा. माझ्या सगळ्यात तीव्र उतारावर त्याने सात मोठे दगड ओळीने बसवले. त्याला सगळे जिना म्हणतात. हा जिना म्हणजे माझा जीव आहे.

जिन्यावर एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. पाय जमिनीला टेकला की सायकल खांद्यावर घ्यायची, पहिल्या दगडापर्यंत चढून जायचे आणि पुन्हा सुरुवात करायची. मागचा माणूस मुकाट्याने थांबतो. नवखा कोणी आला, तर मामा त्याच्यासाठी दगडांवर चुन्याचे ठिपके देतो. चाक कुठून न्यायचे ते त्यावरून कळते. तो उतरला की मामा ठिपके पुसून टाकतो. एकोणीस वर्षे लोक माझ्यावर असे धडपडले. गुडघे सोलले, कोपरे खरचटली, मला लाखोली वाहिली आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर! याहून मोठे कौतुक कोणते असते हो?

मामाची भाची टपालवाली आहे. चाळिशी कधीच ओलांडली आहे. सकाळी गल्लीवार पत्रांचे गठ्ठे लावायचे, रबर चढवायचे, पिशवी सायकलला अडकवायची आणि दारोदार फिरायचे, हे तिचे काम. गेल्या वर्षी साहेबांनी तिला न विचारता चढाच्या गल्ल्या काढून घेतल्या आणि सपाट गल्ल्या दिल्या. "ताई, तुम्हाला त्रास नको म्हणून."

"त्रास माझा, आणि तो नको हे ठरवणारे हे कोण?" ती माझ्या कडेला बसून मामाजवळ फणफणली होती. मला तर तिला उचलून घ्यावेसे वाटले.

तीन वर्षे ती जिना उतरायचा प्रयत्न करत होती आणि तीन वर्षे पाचव्या दगडाशी तिचा पाय टेकत होता.

"मामा, मलाही ठिपके दे ना," ती म्हणायची.

"ठिपके परक्यांना. तू घरची आहेस. स्वतः शोध," मामा म्हणायचा.

मग आला नगरपालिकेचा इंजिनिअर. माणूस वाईट नाही. हसतमुख आहे, अदबीने बोलतो. त्याच्याजवळ एक जाड पुस्तक होते. वाट सगळीकडे सारखी रुंद हवी, उतार सारखा हवा, चार बोटांपेक्षा उंच दगड नको. म्हणजे या डोंगरावर जशी वाट, तशीच पलीकडच्या दहा डोंगरांवर. त्याने यंत्र आणून माझा वरचा अर्धा भाग घासूनपुसून सपाट केला. अहो, मला माझीच ओळख पटेना!

आता गंमत ऐका. गंमत कसली, संताप आहे. बेकरीवाला नऊ वर्षे माझ्यावरून येत होता. वर मुळे आणि दगड होते तेव्हा तो ब्रेक धरून, एकेक चाक सांभाळत उतरायचा. वरचा भाग सपाट झाल्यावर तो पहिल्याच दिवशी सुसाट सुटला, वळणावर उडाला आणि गळ्याजवळचे हाड मोडून बसला. आणि दोष कोणाला? खालच्या दगडांना! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ठरले, सोमवारी यंत्र जिन्यावर येणार. शनिवारी इंजिनिअर लाल रंग आणि मोजपट्टी घेऊन आला. चार बोटांहून उंच असलेल्या प्रत्येक दगडाच्या डोक्यावर त्याने काढून टाकण्यासाठी फुली मारली. मामाला नाही विचारले, कोणालाच नाही. मला तर कोण विचारतो? मला ओरडावेसे वाटत होते, पण वाटेला आवाज कुठे असतो.

रविवारी सकाळी टपालवाली आली. जिन्याच्या तोंडाशी थांबली, फुल्या पाहिल्या आणि चक्क हसली. "अगं बाई! मामाने दिले वाटतं ठिपके! चुना संपला म्हणून लाल!"

नाही गं बाई, नाही! पण ती निघालीसुद्धा. आजवर ती उंच दगड चुकवायची आणि दोन दगडांमधली खोल फट शोधायची. त्याच फटीत पाचव्या दगडाशी तिचे पुढचे चाक अडकायचे. मामाने तर वाट उंच दगडांच्या डोक्यावरूनच नेली होती. त्या दिवशी ती फुलीवरून फुलीवर गेली. तीन, चार, पाच... पाचव्यावर ती क्षणभर डुलली, मी श्वास रोखला, आणि ती सहाव्यावर होती. सातव्यावरून खाली उतरून ती अशी किंचाळली की झाडीतली पाखरे उडाली. मला तर आनंदाने रडू येत होते.

मामा खालून चढून येत होता. "शेवटी दिलेस ना ठिपके!" ती म्हणाली.

"मी? मी कुठे दिले?" मामा वाकला आणि त्याने एका फुलीवरून बोट फिरवले. त्याचा चेहरा उतरला. "पोरी, पाडायच्या भिंतीवर मारतात अशी फुली." एवढे बोलून तो पाचव्या दगडावर मटकन बसला.

सोमवारी टपालवालीने रजा टाकली. इंजिनिअर आणि यंत्रवाला आले, तेव्हा ती जिन्यात सायकल घेऊन उभी होती.

"साहेब, तुमची एकही फुली चुकलेली नाही. त्यांच्यावरूनच मी काल उतरले. तुम्ही कधी उतरलात का?"

"मी मोजलंय ना सगळं," इंजिनिअर म्हणाला.

"मोजलंत हो. उतरलात का? ही घ्या सायकल. पाय न टेकता उतरून दाखवा आणि मग खुशाल काढा दगड."

इंजिनिअरचे कान लाल झाले. त्याने सायकल घेतली आणि दुसऱ्याच दगडाशी आपटला. उठून तिथूनच निघू लागला, तर मामा म्हणाला, "अंहं. वरून." बिचाऱ्याने सायकल खांद्यावर घेतली. दुपारपर्यंत त्याची दोन्ही कोपरे सोलली. यंत्रवाल्याने यंत्र बंद केले आणि तो कडेला बसून सल्ले देऊ लागला, "साहेब, तिसरा जरा डावीकडनं!" संध्याकाळी त्याने विचारले, "मग काढू का दगड?"

"थांबा हो!" इंजिनिअर खेकसला. "चौथ्यापर्यंत आलोय!"

यंत्र तसेच परत गेले. त्यानंतर इंजिनिअर दर रविवारी येतो. कागदावर 'पाहणी चालू आहे' असे लिहितो. पाचवा दगड त्याला अजून जमलेला नाही, आणि मीही काही त्याला दयामाया दाखवत नाही.

तेव्हा मित्रांनो, माझी निगा जरूर राखा. पाचोळा काढा, पाण्याला बाजूने वाट करून द्या, डगमगणारा दगड घट्ट बसवा. पण मी अवघड आहे म्हणून माझी कीव करू नका, आणि तुम्हाला जमणार नाही असे स्वतःच ठरवून माझे दगड तर मुळीच काढू नका. धाकटी बहीण विचारते, "ताई, उद्या इंजिनिअरला जमलं आणि त्याने खरंच दगड काढले तर?" मी तिला सांगते, जमू दे की खुशाल! एकोणीस वर्षांत हा जिना मोडायला निघालेले पुष्कळ पाहिले. त्यांतल्या एकालाही तो उतरता येत नव्हता.