सोपाननं तासलेली छडी

मी एक जुनी छडी आहे, मित्रांनो. निरगुडीची. हात पाठीमागं लपवू नका, आज मी नुसतीच बोलणार आहे.

निरगुडसरच्या ओढ्याकाठी मी मजेत डुलत होते. शहाण्णव सालच्या जूनमध्ये सोपान नावाच्या शेतकऱ्यानं मला कोयत्यानं तोडलं, साल सोलली, चुलीवर शेकून सरळ केलं आणि करडईचं तेल पाजलं. मुठीपाशी हौसेनं वेलबुट्टीही कोरली. आमच्याकडची रीतच होती ती. पोर दहावीत गेलं की बापानं आपल्या हातानं छडी करून सरांना नेऊन द्यायची. सोपान स्वतः इंग्रजीत गचकलेला. लेक कल्याणी तरी नर्स व्हावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

"सर, चामडी तुमची, हाडं आमची," तो हात जोडून म्हणाला. "पोरगी पास झाली तर मंचरला फुडं शिकवीन. न्हाई झाली तर पावणं तयारच हायेत, बार उडवून मोकळा व्हतो."

कुंडलिक सर इंग्रजी शिकवायचे. म्हणजे ते फळ्यावर लिहायचे, शिकवायचे मीच. 'इफ'च्या वाक्यात चुकलं की रट्टा. दुसऱ्याचं बोलणं इनडायरेक्ट करून सांगताना चुकलं तर त्याहून जोरात. पोरं तळहाताला कांदा चोळून यायची. कांद्यानं छडी तडकते म्हणे! अरे, मंचरचा अख्खा बाजार चोळलात तरी मी तडकायची नाही. उलट वासानं सरांना कळायचं आणि पोरांना जास्तीचे बसायचे. लई मजा यायची! निकाल चांगला लागला की गावकरी म्हणायचे, "सरांच्या छडीचा परताप!" मी नुसती फुगून जायचे.

कल्याणीला मात्र मी कधी लागलेच नव्हते. तिचं चुकायचंच नाही. मला तिचा राग यायचा. बापानं एवढं तेल पाजलं ते काय फळा दाखवायला?

बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. त्या दिवशी सर खुशीत होते. म्हणाले, "कल्याणी, माझं कुठलंबी वाक्य घे आणि इनडायरेक्ट करून सांग." सर रोज वर्गात पाऊल टाकलं की म्हणायचे, यू आर ऑल डाँकीज. तिनं तेच घेतलं. उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "सर सेड दॅट वी वेअर ऑल डाँकीज."

उत्तर अगदी बरोबर होतं. पण अख्खा वर्ग फिसकन हसला आणि सरांचं तोंड लालबुंद झालं.

"माझी टर उडवती व्हय गं? हात उलटा धर!"

उलट्या हातावर मांस नसतं, मित्रांनो. सर हाणत राहिले. एकदम कट्कन आवाज झाला. मला वाटलं, मीच मोडले. पण मोडलं होतं तिचं बोट, उजव्या हाताचं. माझा जीव भांड्यात पडला.

घरी काय सांगितलंस, असं मैत्रिणीनं दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा मी टेबलावरच होते. "इहिरीवर घसरले म्हणून सांगितलं," कल्याणी म्हणाली. "खरं सांगितलं तर अण्णा म्हणतील, सर काय उगीच मारतील? आणि आणखी दोन ठिवून देतील." आई फुलाबाईनं हळद तापवून लावली होती. पण पेपरात पेन काही धरवेना. बाकी विषय कसेबसे निभावले, इंग्रजीत कल्याणी उडाली.

लग्नाला मी नव्हते. सरांनीच वर्गात सांगितलं. सोपाननं भर मांडवात माईकवर नाव पुकारून त्यांना फेटा बांधला आणि म्हणाला, "सरांनी लई कष्ट घेतलं. आमचीच पोरगी ढ, त्याला कोण काय करणार!" नवरी वाकून सरांच्या पाया पडली. "पोरगी गुणाची व्हती," असं म्हणून सरांनी मला टेबलावर आपटलं आणि पुढचा धडा काढला.

मग मारायचं नाही असा नियम आला. मला कपाटावर फेकून दिलं. अंगावर धूळ साचली, पाली फिरू लागल्या. पोरं समोरून खुशाल हसत जायची आणि मला काही करता येत नव्हतं. फार वाईट दिवस काढले मी.

एके दिवशी कल्याणी आली. शेजारी तिची लेक प्राची, नुकतीच पाचवीत गेलेली.

"सर, हिला इंग्रजीत ताणून धरा. हात आखडू नका."

"आता मारता येत न्हाई बाई. नोकरी जाईल माझी."

तिची नजर वर गेली. वेलबुट्टी तिनं लगेच ओळखली. "ही आमच्या अण्णांनी तासलेली न्हवं?" तिनं मला खाली काढलं, पदरानं पुसलं. ते बोट अजून वाकडंच होतं, माझ्याभोवती वळेना. आता ही मला गुडघ्यावर धरून मोडणार, या भीतीनं मी गारठले.

"तुमाला चालत नसंल तर मी घरी न्हेते," ती म्हणाली. "माझ्यावानी नापास व्हायला नको ही."

प्राचीनं हळूच दोन्ही हात पाठीमागं घेतले.

आता मी तिच्या घरी खुंटीला असते, चुलीजवळ, उबेला. पुन्हा तेल मिळतं. वस्तूची निगा राखली की ती लेकी-नातींच्या उपयोगी पडते, मित्रांनो, एवढं माझ्याकडून शिका आणि आपापल्या घरातली छडी वाळवीपासून जपा.

प्राची हुशार आहे. तिचं अजून काहीच चुकलेलं नाही. तिच्या आईचंही चुकत नव्हतं.