निळ्या ड्रमवरची पांढरी रेघ

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. खरं सांगायचं तर अर्धाच. वरचा अर्धा भाग करवतीने कापला, तो कुठे गेला देव जाणे. माझ्या पोटात माती नाही, खडी आहे, आणि त्या खडीत मुळं रोवून एक लिंबाचं झाड उभं आहे. हसू नका, सांगतो सगळं.

माझी पहिली पाच वर्षं एका लोणचेवाल्याकडे गेली. कैरीच्या फोडी मिठाच्या पाण्यात बुडवून माझ्यात भरत. त्या खारट वासाने जीव नकोसा व्हायचा! पुढे माझं झाकण तुटलं आणि मी भंगारात गेलो. दोन पावसाळे तिथे पडून होतो, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एक दिवस मृणाली नावाची एक मुलगी आली आणि मला टेम्पोत घालून आपल्या आजाच्या घरी घेऊन गेली.

आजाचं नाव रावजी. रेवसच्या अलीकडे, खाडीच्या काठाला त्याचं घर. सारी हयात त्याने मिठागरात मीठ ओढलेलं. म्हातारी वारली, मुलगा ट्रेलरच्या धंद्यापायी पनवेलला गेला, पण रावजी काही जागचा हलला नाही. एका वर्षी बांध फुटून भरतीचं पाणी त्याच्या परसात शिरलं होतं. तेव्हापासून तिथल्या मातीत साधी मिरचीसुद्धा तग धरत नव्हती.

म्हणून तर मृणालीने मातीचा नादच सोडला. तिने परसात सिमेंटचा हौद बांधून घेतला, त्यात चिलापी मासे सोडले आणि मला अर्धा कापून, खडी भरून, लिंबाचं रोप लावून हौदाच्या कडेला विटांवर बसवलं. एक छोटा पंप माशांचं घाण पाणी माझ्या खडीवर आणून सोडी. खडीतले डोळ्यांना न दिसणारे जीव त्या घाणीचं खत करत, झाड ते पिऊन घेई, आणि निवळलेलं पाणी माझ्या बुडातून परत हौदात पडे. मासे झाडाला पोसत, झाड माशांचं पाणी राखी, आणि मधे मी! एवढा मान मला लोणच्यात कधी मिळाला नव्हता, बरं का.

पुढे मृणाली माशांचंच शिक्षण घ्यायला रत्नागिरीला गेली. जाताना तिने आजाला बजावलं, "पाण्यात औषधबिवषध काय टाकू नको हां. लिंबं पिकली की मला सांग. मी येईन, पहिलं लिंबू आपण दोघं कापू."

ती गेली आणि परस सुनं झालं. दिवसभर पंपाच्या घुरघुरीशिवाय आवाज नाही. रावजी माझ्या शेजारी उपडं घमेलं घेऊन बसायचा, माशांना दाणे टाकायचा आणि कुणी नसताना बोलायचा. "सात धरलीत. सात! पिकली की पोर येईल." त्या सात लिंबांवर त्याचं सगळं वर्ष टांगलेलं होतं, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

मग माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. एक मासा मेला, दुसरा मेला. रावजीचा धीर सुटला. मिठागरात पाय फाटला, जखम चिघळली, तर मिठाच्या पाण्याने धुवायची, हेच त्याला लहानपणापासून माहीत. "पोर औषधाला नको बोलली," तो पुटपुटला, "पन मीठ काय औषध हाय? मीठ तर आपल्या घरचं." आणि रोज दोन ओंजळी मीठ तो हौदात टाकू लागला.

पहिल्याच दिवशी मी ते पाणी ओळखलं. पाच वर्षं तेच पोटात वागवलं होतं. ओरडावंसं वाटलं, पण ठोकल्याशिवाय ड्रमला आवाज कुठला? मासे बरे झाले. झाडाच्या पानांचे शेंडे मात्र करपले. पानं गळली, मागोमाग लिंबंही गळायला लागली. रविवारी मृणालीचा फोन आला. गळालेली लिंबं मुठीत धरून रावजी म्हणाला, "झाड ना? बरं हाय. मी पन बरा हाय." अहो, तेव्हा माझं प्लॅस्टिकसुद्धा तडकेल असं वाटलं!

आणि त्याच आठवड्यात, झाडाचं दुःख करत बसलेल्या रावजीचा हात माझ्या काठावर टेकला. माझ्या अंगावर, पाणी झिरपून सुकतं तिथे, एक पांढरी रेघ उमटली होती. त्याने बोट फिरवलं आणि सवयीने जिभेला लावलं. मिठागरचा माणूस तो, त्याला काय सांगावं लागतं? "अरे देवा," तो म्हणाला, "या बारीला बांध मीच फोडला."

दोन दिवस त्याने फोन उचलला नाही. झाडच मेलं तर पोर कशाला येईल, हीच त्याला धास्ती. तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारीच बसून त्याने फोन लावला. "मृणाली, झाड बरं न्हाय. मी मीठ टाकलं पान्यात. लिंबं गेली सगली." मग माझ्या काठावर हात टेकून म्हणाला, "मी पन बरा न्हाय गो. लय एकला पडलोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मृणाली दारात उभी. पिशवीसुद्धा खाली न ठेवता ती म्हणाली, "आजा, लिंबांसाठी येत होते का मी?" म्हातारा लहान पोरासारखा रडला.

मग दोघांनी मिळून मला धुतलं. रोज थोडं खारं पाणी काढायचं आणि थोडं गोडं पाणी घालायचं, एकदम नाही, मासे घाबरतात. पंधरा दिवस रावजी हंडे वाहत होता. झाडाने पुन्हा पालवी धरली. माझ्यावरची रेघ मात्र मृणालीने पुसू दिली नाही. "हिनेच सांगितलं तुला," ती आजाला म्हणाली. आता ती दर महिन्याला येते, झाडाला काही असो वा नसो.

मित्रांनो, आम्हा मुक्यांच्या अंगावर काही उमटलं, तर हात लावून बघत जा. आणि तुमचं म्हातारं माणूस फोनवर रोज "बरं हाय" म्हणत असेल, तर एकदा जाऊन बघा.

यंदा एकच लिंबू पिकलं. दोघांनी ते माझ्या काठावर ठेवून कापलं. रावजीने आपली फोड तशीच चोखली, मीठ मागितलं नाही.