तिसरीचा श्वास

माझी बायको एका जपानी गाण्यावर भलामोठा लेख लिहिते आहे. सात मुली मिळून ते गातात. सुरुवात अंगाईसारखी, मग जॅझ, मग अचानक गिटारचा असा धिंगाणा की खिडकीच्या काचा थरथरतात, आणि शेवटी पुन्हा अंगाई. मला सगळं पाठ झालंय, कारण जेवताना ताटाशेजारी तेच वाजत असतं.

"अहो, ऐका ना," ती म्हणते. "धिंगाण्याच्या आधी कुणीतरी श्वास घेतं, ती तिसरी. तिचा श्वास जरा घाबरलेला असतो."

सातजणी एकदम गातायत आणि हिला एकीचा श्वास ओळखू येतो! परवा मी मिशी काढली, ते मात्र हिला शेजारणीने सांगावं लागलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. त्या तिसरीचा फोटो असलेला कप मी रोज मुद्दाम कपाटात मागे ढकलतो.

काल माझा मोबाइल बंद पडला, म्हणून उशीर होईल हे सांगायला ऑफिसच्या फोनवरून घरी फोन लावला. मी "हॅलो" म्हणताच ती म्हणाली, "बोला भावजी! हे अजून आले नाहीत."

भावजी म्हणजे माझा धाकटा भाऊ. "बरं," एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

घरी पोचलो, तर तिने पहिल्यांदाच गाणं मध्येच बंद केलं.

"भावजींना एकदा भेटून या," ती म्हणाली. "मघाशी फोनवर आवाज किती केविलवाणा येत होता हो त्यांचा."