पिंकीचा धागा

मी एक जुनी गोधडी आहे, पण मला आजवर कुणी पांघरलेलं नाही. माझं सगळं आयुष्य भिंतीवर गेलं. मला शिवून नऊच वर्षं झाली. माझ्या अंगावरची लुगडी मात्र साठ-साठ वर्षांची, म्हणून मी स्वतःला म्हातारीच समजते.

मित्रांनो, अंजनगाव सुर्जीच्या पलीकडे, केळीच्या बागांमधल्या एका गावात दोन खोल्यांची प्राथमिक शाळा होती. तिथल्या प्रणाली मॅडमना पोरांना हातांनी चाचपता येईल असा जगाचा नकाशा हवा होता. त्यांनी गोधड्या शिवणाऱ्या सुंदराबाईंना गाठलं. सुंदराबाईंनी जुन्या गणवेशांच्या निळ्या चड्ड्या उसवून समुद्र बेतले. आफ्रिका आईच्या लुगड्याची केली, भारत स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याचा. गावाच्या जागी हळदी रंगाची गाठ मारून म्हणाल्या, "घ्या मॅडम, अख्खी दुनिया टाचली. आता इले उंदरापासून सांभाळा."

फार चांगले दिवस होते ते. मॅडम महिनाभर एकच विषय घेत आणि त्यातच सगळं शिकवत. केळीच्या महिन्यात पोरं फण्या मोजून गुणाकार करत, पानाच्या शिरा रंगवत, केळीवर गाणी रचत. मग केळी पिकवणारे देश माझ्या अंगावर शोधत. युगांडातल्या एका शाळेला त्यांनी पत्रही पाठवलं. उत्तर मॅडमच्या मोबाइलवर आलं, तेव्हा कुंदन ओरडला, "मॅडम, थे पोट्टे केळं उकडून जेवनात खातेत! आपल्याले काहून नाई सुचलं?"

दोन वर्षांपूर्वी मॅडमनी नवा विषय घेतला, 'कोण कुठे गेलं'. घरातलं जे कुणी जिथे गेलं असेल, तिथवर गावाच्या गाठीपासून धागा टाकायचा. पुणे, सुरत झालं. कुंदनच्या काकाचा धागा दुबईला पोचला. मॅडमचा स्वतःचा धागा बोटाच्या पेराएवढाही नव्हता, अकोल्याच्या जुन्या शहरापर्यंत. सुंदराबाईंची नात पिंकी मात्र धागा धरून उभीच राहिली.

"मॅडम, आमचं कोनीच कुठी नाई गेलं."

"मग जपून ठेव. तू जाशील तेव्हा लाव."

महिना संपताना पालकांना बोलावलं. तिथेच घात झाला. कुंदनचे आजोबा वामनराव माझ्यासमोर कितीतरी वेळ उभे होते.

"मॅडम, तुमीच त दाखवलं जग केवढं मोठं हाय. आता पोट्ट्याले या दोन खोल्यात ठेवून कसं होईन?"

"भाऊ, हे सगळं कुंदन याच दोन खोल्यांत शिकला ना?"

"म्हनूनच म्हनतो. मोठ्या शाळेत अजून शिकीन."

जूनमध्ये अंजनगावच्या इंग्रजी शाळेची व्हॅन गावात येऊ लागली. कुंदन गेला, त्याच्यामागे बाकीचे. तेविसांचे नऊ झाले, नवांचे चार. मी माझ्या धाग्यांकडे बघत बसायची. या वर्षी शाळा बंद करायचा आदेश आला. मॅडमची बदली धारणीकडे झाली. उरलेल्या चौघांनी चार किलोमीटरवरच्या शाळेत जावं, असं ठरलं.

शेवटच्या दिवशी पिंकी आजीला घेऊन आली. तोच जपलेला धागा तिने सुईत ओवला होता. गावातून सुई वर काढली आणि नव्या शाळेत खुपसायला गेली, तर ती त्याच गाठीत शिरली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पिंकी हसायला लागली.

"आजी, शाळा त येथंच हाय!"

"गोधडीवर हाय, माय," सुंदराबाई म्हणाल्या. "मधात नाला हाय."

सुंदराबाईंच्या गुडघ्यांनी पोरीला चार दिवस पोचवलं. मग नाल्याला पाणी आलं. आता शाळेच्या वेळेला पिंकी बकऱ्या घेऊन माझ्या बंद शाळेच्या खिडकीखालून जाते. वर मात्र बघत नाही.

मित्रांनो, उंदरांनी माझा पॅसिफिक कुरतडला, त्याची तक्रार नाही. गोधडीला ठिगळ लावता येतं. तुमच्या वर्गात एखादी जागा रिकामी झाली, तर तेवढं विचारा, तिथे कोण बसत होतं आणि ती पोर कुठे गेली.

दुबईचा धागा अजून ताठ आहे. पिंकीचा त्या हळदी गाठीतून खाली लोंबतो, सुईसकट.