मेंढरांची बेटं

मालवाहू जहाजाच्या इंजिनात बिघाड झाला आणि खलाशी असलेल्या वडूजच्या मल्हारला फेरो बेटांवर अचानक मोकळा दिवस मिळाला. स्कॉटलंड आणि आइसलंडच्या मधोमध, उत्तरेच्या समुद्रात उभी असलेली ही अठरा बेटं त्यानं आजवर फक्त नकाशात पाहिली होती. सुटा भाग येईपर्यंत जहाज धक्क्यालाच राहणार होतं. मल्हारनं टोपी कानांवर ओढली आणि गावामागचा डोंगर चढायला घेतला.

चढावर झाड म्हणून नव्हतं. नुसतं ओलं गवत आणि वारा. डोंगर मात्र ओळखीचे वाटले. काळ्या दगडाचे, पायऱ्यापायऱ्यांचे, थेट साताऱ्याकडच्यासारखे. धुकं जरा सरलं आणि मेंढरं दिसली. मल्हारचे आईवडील, हरणाबाई आणि धुळा, अजूनही मेंढरंच राखत होते. त्याला राहवेना. त्यानं व्हिडिओ कॉल लावला.

वडूजजवळच्या माळावर दुपार कलली होती. हरणाबाईनं फोन डोळ्यांजवळ धरला.

“अगं बया! केवढी लोकर रं! आन राखाय कोण हाय?”

“कोणच न्हाई, आये. हितं लांडगाच न्हाई.”

त्या वर्षीच्या पावसाळ्यात लांडग्यानं त्यांची कोकरं नेली होती. हरणाबाईनं नवऱ्याला हाक मारली, “आवं, हिकडं या! तिकडं लांडगा न्हाई म्हणतोय ह्यो.”

“चहूकडनं समुद्र हाय,” मल्हार म्हणाला. “लांडगा येणार कुठनं?”

“मग मेंढरं कुठनं आली?”

खालच्या कुंपणाशी एक म्हातारी सुटलेली तार बांधत होती. तिचं नाव मार्युन, मेंढरं तिचीच. मल्हारनं फोन दाखवून आपल्या जहाजी इंग्रजीत आईचा प्रश्न तिला विचारला. म्हातारीला तो प्रश्न फारच आवडला. पक्कड खिशात टाकून ती बोलत राहिली आणि मल्हार ते मराठीत सांगत गेला.

फेरो म्हणजे मेंढरांची बेटं, असं मानतात. मार्युनला शाळेत शिकवलं होतं, की अकराशे-बाराशे वर्षांपूर्वी नॉर्वेकडचे दर्यावर्दी होड्यांतून इथं वस्तीला आले. पण अलीकडे शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या तळात नळी घालून गाळ बाहेर काढला. त्यात मेंढरांच्या लेंड्यांच्या खुणा निघाल्या, आणि त्या नॉर्वेवाल्यांच्याही तीन-चारशे वर्षं आधीच्या.

“म्हंजी आदी कुणीतरी हुतं,” हरणाबाई म्हणाली. “कोण?”

“नक्की ठाव न्हाई म्हणतीया. आयर्लंडकडचं साधू असतील, न्हायतर दुसरं कोण.”

“काय नाव-गाव?”

“कायबी न्हाई. एका बेटावर जळल्यालं सातूचं दाणं तेवढं गावल्यात.”

धुळा आता फोनजवळ सरकला. “मेंढरं घिऊन होडीत बसायचं,” तो हळूच म्हणाला, “आन फुडं जमीन हाय का न्हाई, त्ये बी म्हाईत नसंल.”

आता मार्युननं उलट विचारलं. तुम्ही लोक त्या माळावर कधीपासून आहात?

“माज्या सासऱ्याचा आजा हितंच मेंढरं बसवायचा,” हरणाबाई म्हणाली. “त्याच्या आदीचं कुणाला ठाव!” मग तिला एकदम काहीतरी सुचलं. “मल्हारी, आपल्या बी तळ्याचा गाळ काढून बघा म्हणावं की तिच्या माणसांना!”

“अगं, त्यो गेल्या उन्हाळ्यात जेसीबीनं उपसला न्हवं?” धुळा म्हणाला. “समदा शेजारच्या नाथाजीच्या ज्वारीच्या रानात पसरलाय.”

मल्हारनं ते सांगितलं तशी मार्युन कुंपणाला धरून हसत सुटली. तिला बघून हरणाबाईलाही हसू आवरेना. तेवढ्यात बेटावर आडवा पाऊस आला आणि फोन कट झाला.

पण हरणाबाईला चैन पडेना. मेंढरं पाण्यावर न्यायची वेळ झालीच होती. तळ्याच्या वरच्या अंगाला, बाभळींच्या दाटीत, जेसीबी पोचला नव्हता; जुना गाळ तसाच होता. तिथं तिनं हातातली काठी गाळात रोवली आणि अंगाचा सगळा भार टाकला. काठी हातभर आत गेली. मग अजून थोडी.

“काय कराय लागलीस?” धुळानं विचारलं.

“तळ लागतोय का बघती. उबं काय ऱ्हायलाय, दाबा की!”

धुळानं खांद्यावरचं घोंगडं बाभळीला अडकवलं आणि काठीला हात लावला.