सातव्या रस्त्याचं वळण

राजधानीतले सगळे रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. कुठेही वळा, तेच चौक, त्याच कचेऱ्या, तीच कापलेली हिरवळ. दुपारपर्यंत माझ्या पायांचे तुकडे पडले.

"अहो, बसा ना कुठेतरी," मी म्हटलं.

"टेकडीवर बसू. वरून सगळं दिसतं," हे म्हणाले.

हे मोजणीदार. इथे नुसतं माळरान होतं तेव्हा यांनीच साखळी टाकून, खुंट्या ठोकून हे रस्ते आखले. आम्ही तंबूत राहायचो. तिथेच आमची पहिली मुलगी झाली आणि बाराव्या दिवशी गेली. मी तापाने फणफणले होते. यांनी एकट्याने तिला माळावर पुरलं. पुढे कळलं, नकाशातला सातवा रस्ता नेमका तिथूनच जातो. मग चाळीस वर्षं मी इकडे फिरकले नाही. आता म्हटलं, मरण्याआधी तो रस्ता तरी बघून घ्यावा.

त्या रस्त्याने यांनाही सुख दिलं नाही. नाकासमोर चालणारा माणूस, पण सातव्याच्या आखणीत चुकला, रस्ता वाकडा गेला आणि बढती कायमची अडली. मी तरी कुठे सोडलं? आमटी खारट झाली म्हणाले की माझं ठरलेलं, "रस्ता तर नाही ना वाकडा केला?" हे खाली मान घालून जेवायचे.

टेकडी चढताना दहादा थांबलो. वर वारा होता, पलीकडे डोंगर, तळं. मला कशाचंच कौतुक उरलं नव्हतं.

"सातवा कुठला?"

यांनी काठीने दाखवला. सरळ येता येता तो एका झाडाला वळसा घालत होता आणि पुढे पुन्हा रेषेत येत होता.

"ते झाड?"

"मी लावलेलं. तिच्या उशाशी."

मला रडूच फुटलं. "मग सांगितलं का नाही हो?"

"साहेबांना कळलं असतं तर रस्ता सरळ केला असता. तू त्यांच्या बायकोजवळ बोलली असतीस."

खरं होतं ते. बोललेच असते. "आणि नंतर? मी इतकं टोचून बोलायचे तेव्हा?"

हे गुडघा चोळू लागले. "तेवढ्यापुरता का होईना, तिच्या रस्त्याचा विषय घरात निघायचा."

मी डोळे पुसले. "उठा."

"अगं, आत्ताच तर बसलोय."

"उठा म्हणते ना. खाली जायचंय."