उजवी पाकळी

गाडी गावात कुणाच्याही दारात येवो, आधी तिचा मालक नारळ घेऊन गोकुळदास गुरवापुढे उभा राहायचा. लाटंबार्स्याच्या अलीकडच्या त्या वाडीत हा रिवाज कुणी मोडला नव्हता. देवीच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या लावायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. पूर्वी लोक लग्नाचं विचारायचे, विहिरीचं विचारायचे, न उतरणाऱ्या तापाचं विचारायचे. मग खाणीचा पैसा आला आणि माणसं देवीला गाड्यांशिवाय दुसरं काही विचारीनाशी झाली. बाबुराव दुकानदाराने पहिली स्कूटर आणली तेव्हा अख्खी वाडी ती बघायला लोटली होती. आता त्याच बाबुरावाच्या घरात माणसं चार आणि गाड्या पाच. पाचवी कोण चालवतं ते देवीलाही ठाऊक नसावं.

हे सगळे कौल गोकुळदासनेच लावले होते. त्याच्या स्वतःच्या मालकीचं वाहन म्हणाल तर पायातल्या चपला.

घरोघरी गाड्या झाल्या तशी शंभूची बस रिकामी धावू लागली. पंचवीस वर्षं सकाळी सहा वीसला डिचोलीला निघणारी ती बस गणेशचतुर्थीनंतर बंदच झाली. शंभू तरी काय करणार? कंडक्टर, दोन म्हाताऱ्या आणि मालती, एवढ्यांसाठी बस कोण चालवील!

मालती ही गोकुळदासची सून. डिचोलीजवळच्या एका कारखान्यात ती औषधांच्या पेट्या भरायला जायची. नवऱ्यामागे चार वर्षं ती सासऱ्याजवळच राहिली होती. माहेर दोडामार्गाकडचं, भाऊ दोनदा न्यायला येऊन गेला, पण ती गेली नाही. घरात ती दोघंच. तिने केलेली पेज, तिने लावलेला दिवा, तिचं दिवसभराचं बोलणं, एवढ्यावर म्हाताऱ्याचं आयुष्य चाललं होतं, आणि ते त्याला पुरेपूर माहीत होतं.

"मामानू, सातांक गेटीर हजर रवाक व्हया," ती एका संध्याकाळी म्हणाली. "पंधरा दिवस झाले, कोणाच्या ना कोणाच्या मागे बसान जातंय. तीनदा उशीर झालो. आता चौथ्यांदा झालो तर येव नको म्हणान सांगितलां. मी स्कूटर घेतंय. उद्या कौल लावा."

गोकुळदासच्या हातातली वाटी तशीच राहिली. "बघूया," एवढंच तो म्हणाला.

ओहोळाच्या मोरीजवळ रस्ता एकदम वळतो. तिथेच जयरामला, त्याच्या एकुलत्या एका पोराला, खनिजाच्या टिप्परने उडवलं होतं. मोटरसायकल घेऊन पुरता महिनासुद्धा झाला नव्हता. लोक म्हणाले, देवीने उजवा कौल दिला होता, मग असं कसं झालं? गोकुळदास खाली मान घालून ऐकत राहिला. कारण त्या दिवशी आधी डावी पाकळी पडली होती. जयराम हसत म्हणाला होता, "बाबा, ओल जास्त झाली, परत लाव." आणि बापाने पोराच्या तोंडाकडे बघून ती परत लावली होती. यावेळी जरा दाबून. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. रोज पहाटे पाषाणाला पाणी घालताना मात्र त्याची नजर वर जात नसे.

दुसऱ्या दिवशी मालती नारळ घेऊन आली. गोकुळदासने पाकळ्या भिजवल्या. मग तिच्याकडे पाठ करून त्याने उजव्या पाकळीच्या मागे अंगठ्याने चंदनाचं गंध लावलं आणि ती पाषाणावर घट्ट बसवली. डावी नुसती टेकवली. मग त्याने गाऱ्हाणं घातलं.

डावी पडायला वेळ लागला नाही.

मालतीने वाकून ती उचलली, कपाळाला लावली आणि ती घरी गेली. म्हाताऱ्याला वाटलं, सुटलो. पण रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही, तिलाही गेलं नाही.

देऊळ झाडायचं काम मालतीचं. सकाळी गोकुळदास पाण्याची कळशी घेऊन आत आला तेव्हा ती पाषाणासमोर बसली होती. केरसुणी बाजूला पडली होती. उजवी पाकळी अजून तिथेच होती, सुकून करडी झालेली. तिने नखाने ती सोडवली आणि उलटी करून त्याच्यापुढे धरली. मागे गंधाचा वाळलेला पोपडा होता.

गोकुळदासने कळशी खाली ठेवली.

"माका वाटलांच," मालती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"मालती, माझा ऐक गो…"

"तुमीच ऐका. जयरामाच्या वेळचीय डावी मी बघितलंय."

त्याने मान वर केली.

"मी त्या खांबाकडे हुबी होतंय. डावी पडली, तुमी परत लावलास. मी तोंड उघडलां नाय. नवीन लग्न झालेलां, माकाय तेच्या मागे बसान म्हापशाक जावचा होता." तिचे डोळे भरून आले. "चार वर्षां झाली, माका वाटता मी तेव्हा बोलाक व्हया होतां. तुमकाय तसाच वाटता, माका म्हायत आसा. दोगांय गप रवलो."

गोकुळदास रडला. देवळात, सुनेसमोर, तोंड न झाकता रडला. चार वर्षं एकट्याने वाहिलेलं ओझं ही पोर शेजारच्या खोलीत तसंच वाहत होती, आणि त्याला पत्ताच नव्हता.

मग त्याने डोळे पुसले. "परत लावूया कौल," तो म्हणाला. "सरळ लावतंय. देवीची शपथ."

"नको. आता देवीक मधी घालू नकात. तुमी सांगा. जाव काय नको?"

जन्मभर त्याने हो आणि नाही सांगितलं होतं, पण ते सगळं देवीच्या नावाने. त्याचं स्वतःचं उत्तर त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. नाही म्हणावं तर ती थांबली असती, हे त्याला दिसत होतं. नोकरी गेली असती, पण ती घरात राहिली असती, त्याच्या डोळ्यांसमोर, सुखरूप. आणि दिवसेंदिवस त्या पाकळीसारखी सुकत गेली असती. तोंडावर आलेला नकार त्याने गिळला.

"जा," तो म्हणाला. "पण मोरीकडे हॉर्न मार. जाताना मार, येताना मार. माका घरात ऐकू येता."

स्कूटर आली. गोकुळदासने तिला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. कौल न लावता आलेली वाडीतली ती पहिली गाडी.

पहिल्या दिवशी मालती सव्वासहाला निघाली. थोड्या वेळाने मोरीकडून हॉर्न वाजला आणि म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला. दुपारी चारला, ती घरी यायच्या वेळेला, तो फाटकाशी येऊन उभा राहिला. मोरीकडे हॉर्न वाजला. बाबुरावाचा नातू आला. परत वाजला. टेंपो. परत वाजला, पोस्टातली बाई. मग दोन मोटरसायकली, एक मोटार, पुन्हा एक स्कूटर. आवाज सगळे सारखेच, आणि गाड्या सगळ्या त्यानेच हो म्हटलेल्या. त्यातला तिचा कुठला ते त्याला ओळखता येईना.

साडेचार वाजले. पावणेपाच झाले. मोरीकडे पुन्हा हॉर्न वाजला, आणि गोकुळदास फाटकाची कडी घट्ट धरून वळणाकडे बघत राहिला.